सरकत्या काचेच्या दाराला पडदा निवडताना: साताऱ्यात नव्या घरात येणाऱ्यांसाठी

हॉल आणि गॅलरी यांच्यामध्ये सरकतं काचेचं दार नाही असा नवा फ्लॅट आता साताऱ्यात शोधावा लागेल. साधारण सहा फूट रुंद, सात फूट उंच, दोन काचा आणि बहुतेक ठिकाणी तिसऱ्या ट्रॅकवर डासांची जाळी. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात दुपारचं ऊन सोफ्यापर्यंत पोचतं, रात्री दिवे लावले की समोरच्या इमारतीला सगळं घर दिसतं, आणि मग घाईघाईने मोती चौकात जाऊन आवडेल त्या रंगाचे पडदे आणले जातात. मी पडदे शिवते. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या पडद्यांत कापड वाईट निघालं अशी तक्रार फार थोड्यांची असते. बाकीच्यांची तक्रार एकच: गॅलरीत जाताना पडदा आडवा येतो.

म्हणून पहिली गोष्ट सांगते. या दारातून दिवसभरात कोण, किती वेळा आणि हातात काय घेऊन जातं, हे ठरल्याशिवाय पडद्याचा प्रकार ठरवू नका. धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन जाणारा माणूस पडदा सरकवायला हात कुठून आणणार? उघडायला त्रास देणारा पडदा महिन्याभरात एक तर कायमचा बंद राहतो, नाही तर कायमचा उघडा. दोन्हीकडे पैसे वाया जातात.

आधी घरातच पाहणी करा

सुट्टीचा एक दिवस काढा आणि सकाळी, दुपारी, पाचच्या सुमाराला असं तीनदा दारापाशी उभं राहून ऊन कुठपर्यंत येतं ते पाहा. फरशीवर खडूने खूण केली तरी चालेल. रात्री घरातले दिवे लावून एकाला खाली रस्त्यावर पाठवा आणि आत काय काय दिसतं ते विचारा. या शेवटच्या तपासणीचं उत्तर ऐकून बहुतेकांचा विचार बदलतो.

दिशा कळायला साताऱ्यात होकायंत्र लागत नाही. पेठांमधल्या घरातून अजिंक्यतारा समोर दिसत असेल तर तुमचं दार दक्षिणेकडे आहे. यवतेश्वराचा डोंगर समोर असेल तर पश्चिमेकडे. जरंडेश्वराच्या बाजूने सूर्य वर येताना दिसत असेल तर पूर्वेकडे. गोडोली, शाहूनगरकडे किल्ल्याची बाजू बदलते, तिथे मावळतीवरून ठरवा.

दक्षिणेचं दार ऐकायला उन्हाचं वाटतं, पण उन्हाळ्यात ते फारसं त्रास देत नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास साताऱ्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि वरच्या गॅलरीचा स्लॅब तुमच्या काचेवर सावली धरतो. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य जेमतेम ४९ अंशांवर असतो, त्यामुळे ऊन थेट आत येतं. थंडीच्या दिवसांत ते हवंच असतं. तेव्हा दक्षिणेच्या दाराला साधा, पूर्ण बाजूला होणारा पडदा पुरे. उत्तरेच्या दाराला तर उन्हाचा विचार जवळजवळ नाहीच, फक्त आडोसा पाहायचा.

पूर्वेचं दार हॉलला असेल तर छान. बेडरूमला असेल आणि घरात रात्रपाळी करणारं कोणी असेल, तर तिथे उजेड अडवणारं कापडच घ्या.

खरी परीक्षा पश्चिमेच्या दाराची. मार्च ते मे दुपारी तीननंतर सूर्य खाली उतरतो आणि तिरपं ऊन स्लॅबच्या खालून आत घुसतं. त्याला वरची सावली काही करू शकत नाही. शिवाय जून ते सप्टेंबर वारा आणि पाऊस याच बाजूने येतात. आपल्याकडे पश्चिमेच्या गॅलरीला दोन वेगळे ऋतू सांभाळावे लागतात, आणि ते एकाच पडद्यावर सोपवणं अवघड आहे.

ऊन काचेच्या बाहेर अडवता आलं तर उत्तम

ऊन काचेतून आत आलं की उष्णता खोलीत शिरली. आतला पडदा त्यातला काही भागच परत फेकतो, उरलेल्याने स्वतः तापतो आणि ती ऊब खोलीतच सोडतो. हेच ऊन काचेवर पडण्याआधी अडवलं तर खोलीत केवढा फरक पडतो, हे एकदा हात लावून पाहण्यासारखं आहे. म्हणून पश्चिमेच्या दाराला गॅलरीच्या बाहेरच्या कडेला बांबूची चिक लावा, हा माझा ठाम सल्ला आहे. दोरीने गुंडाळता येते, वारा अडत नाही, आणि आतला पडदा मग हलका घेतला तरी चालतो. जुन्या वाड्यांत वाळ्याचे पडदे ओले करून लावत, तेही अजून उपयोगी आहे, कारण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची दुपारची हवा कोरडी असते आणि पाणी उडताना हवा गार होते. गॅलरीला पाणी जायला मोरी मात्र हवी, नाही तर खालच्या मजल्यावरून निरोप येईल.

चिक मृगाच्या आधी उतरवून, वाळवून, कोरड्या जागी ठेवायची. पावसात तशीच टांगून ठेवली तर बांबूवर बुरशी चढते आणि दोरी कुजते. सोसायटीत बाहेरच्या बाजूला काही लावायला परवानगी लागते का, हे सचिवांना आधी विचारून घ्या.

काचेला उन्हाची फिल्म लावण्याचा पर्यायही लोक विचारतात. चमक कमी होते आणि दिवसा बाहेरून आत दिसत नाही. पण ही आड फक्त दिवसाची आहे. रात्री आत दिवा आणि बाहेर अंधार असला की उलटं होतं, बाहेरच्याला सगळं दिसतं. पातळ जाळीदार पडद्याचंही तसंच. फिल्म लावली म्हणून पडदा टाळता येत नाही.

कोणता प्रकार घ्यावा

दुकानात तुम्हाला पडदे आणि ब्लाइंड्स असे दोन गट दाखवतील. ब्लाइंड्सचे नमुने फार देखणे असतात आणि खिडकीवर ते शोभतातही. दाराचं गणित वेगळं आहे.

रोलर आणि झेब्रा ब्लाइंड खालून वर गुंडाळले जातात. म्हणजे गॅलरीत पाऊल टाकायचं तर दर वेळी साखळी ओढून ब्लाइंड डोक्याच्या वर न्यायचं. दिवसातून एकदा झाडांना पाणी घालायला जाणाऱ्या घरात हे चालेल. कपडे वाळत घालायला, वाळवण उचलायला, लहान मुलांच्या मागे धावायला ज्या घरात गॅलरी लागते, तिथे चालणार नाही. घ्यायचंच असेल तर सात फुटांचं एक सलग ब्लाइंड नको. रुंद नळी मधे वाकते आणि कापडाला लाट पडते. दोन वेगळी घ्या आणि त्यांच्यामधली फट दाराच्या मधल्या फ्रेमवर येईल असं माप द्या, म्हणजे एक बाजू वर आणि दुसरी खाली ठेवता येते. रोमन ब्लाइंड दाराला घेऊच नये असं मला वाटतं. वर गोळा झालेल्या घड्या फूटभर खाली लोंबतात आणि उंच माणसाच्या कपाळाला लागतात.

व्हर्टिकल ब्लाइंड्स म्हणजे चार-चार इंची उभ्या पट्ट्या. त्या दारासारख्याच आडव्या सरकतात, थोड्या फिरवल्या की पश्चिमेचं तिरपं ऊन अडतं आणि बाहेरचं थोडं दिसतही राहतं. हा गुण दुसऱ्या कशात नाही. दवाखाना, ऑफिस, सदैव बंद असणारी एसीची खोली, इथे त्या जरूर घ्या. पण साताऱ्यात संध्याकाळी दार उघडून वारा घेणारी घरं फार. त्या वाऱ्यात पट्ट्या एकमेकींवर आपटत राहतात आणि खालची बारीक साखळी तुटते. दार उघडं ठेवण्याची सवय असेल तर पुढे त्यांचा आवाज नकोसा होतो.

ब्लाइंड कोणतंही असो, साखळीचा लोंबता फास लहान मुलाच्या गळ्यात अडकू शकतो. साखळी ताणून भिंतीला पक्की करणारी क्लिप मिळते. ती बसवल्याशिवाय कारागिराला जाऊ देऊ नका, आणि पाळणा किंवा पलंग साखळीजवळ ठेवू नका.

राहता राहिला कापडी पडदा. रोजच्या वापराच्या दाराला मी तोच सुचवते. एका हाताने सरकतो, वाऱ्याला वाट देतो, धुता येतो, आणि घर बदललं तर बरोबर नेता येतो. तो टांगायचा कसा, इथे मात्र नीट लक्ष द्या, कारण सगळी अडचण तिथे सुरू होते.

रॉड की ट्रॅक

सहा फुटांच्या दाराला दोन्ही बाजू झाकायच्या तर रॉड साडेसात-आठ फुटांचा लागतो. इतक्या लांब रॉडला मधे एक ब्रॅकेट हवंच, नाही तर जड कापडाने रॉड वाकतो. आणि रिंगवाला, म्हणजे आयलेटचा पडदा मधल्या ब्रॅकेटच्या पलीकडे जाऊ शकत नाही. मग पडदा दोन भागांत करून अर्धा डावीकडे, अर्धा उजवीकडे गोळा करावा लागतो.

आता दार पाहा. सरकत्या दारात एका वेळी अर्धीच बाजू उघडते, म्हणजे जायची वाट जेमतेम पावणेतीन फूट. रोज तुम्ही ज्या बाजूने जाता, त्याच बाजूला अर्ध्या पडद्याचा आठ-दहा इंचांचा गठ्ठा आला तर खांद्याला घासणारच. यावर दोन उपाय आहेत. पहिला, रॉड दाराच्या बाहेर दोन्हीकडे फूटभर तरी वाढवायचा, म्हणजे गठ्ठा भिंतीवर जाईल. त्यासाठी भिंत मोकळी हवी, कपाट किंवा टीव्ही नको.

दुसरा उपाय मला जास्त पसंत आहे. छताला किंवा भिंतीला बसणारी अॅल्युमिनियमची पट्टी घ्यायची, बाजारात एम-ट्रॅक म्हणून मिळते. तिच्यात रनर, म्हणजे पडदा अडकवायच्या छोट्या चकत्या, आतल्या खाचेतून पळतात आणि पट्टीला दर दोन फुटांवर आधार दिला तरी कुठे अडत नाहीत. त्यामुळे आख्खा पडदा एकाच बाजूला नेता येतो. ती बाजू ये-जा नसलेल्या काचेची निवडायची. दीड फुटांचा गठ्ठा तिथे पडून राहिला तरी कोणाला त्रास नाही.

भिंतीपासूनचं अंतरही पाहा. दाराचं हँडल दीड-दोन इंच पुढे आलेलं असतं. पडदा भिंतीपासून किमान तीन-चार इंच पुढे हवा. पातळ आणि जाड असे दोन पडदे लावणार असाल तर दुहेरी ब्रॅकेट घ्या, तेव्हा पुढचा पडदा पाच-सहा इंचांवर येतो.

ड्रिल मारण्याआधी बिल्डरकडून विचारून घ्या की भिंत विटांची आहे की हलक्या ब्लॉकची. दारावर काँक्रीटचा बीम असेल तर हॅमर ड्रिल लागतं पण पकड उत्तम बसते. हलक्या ब्लॉकमध्ये साधी गिट्टी, म्हणजे स्क्रूसाठी भोकात ठोकतात ती प्लास्टिकची नळी, सैल होते, त्यासाठी वेगळे लांब फास्टनर मिळतात. पीओपीच्या छतात नुसता स्क्रू पडद्याचं वजन पेलत नाही. आत प्लायची पट्टी टाकून घ्या, आणि हे छत होण्याआधीच सांगितलं तर फोडाफोड वाचते.

भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारूनच भोकं पाडा. दोन भिंतींत दाबून बसणारे स्प्रिंगचे रॉड न्हाणीघराच्या पडद्यापुरते ठीक, आठ फुटांवर जाड कापड त्यांच्यावर टांगू नये.

माप आणि कापडाचा हिशेब

स्टीलचा टेप घ्या. उंची तीन ठिकाणी मोजा, डावीकडे, मधे, उजवीकडे. फरशीला उतार असतो, मापं क्वचितच सारखी येतात. सगळ्यांत कमी भरेल ते माप धरा आणि त्यातून अर्धा इंच वजा करा. फरशीवर लोळणारे पडदे मासिकांतल्या फोटोंत छान दिसतात, पण आपल्याकडे रोज फरशी पुसली जाते आणि पावसाळ्यात काठ ओला राहतो. रॉड दाराच्या चौकटीच्या वर चार ते सहा इंचांवर असावा, म्हणजे वरून उजेडाची रेघ येत नाही.

इथे तयार पडद्यांबद्दल सावध करते. ते बहुतेक पाच, सात आणि नऊ फूट लांबीत मिळतात. सात फुटी पाकिटावर ‘दारासाठी’ लिहिलेलं असतं, पण रॉड साडेसात फुटांवर बसवला की पडदा अर्धा फूट आखूड पडतो. सरकत्या दाराला नऊ फुटी घेऊन खालून दुमडून शिवणं बरं. जास्तीचं कापड कापू नका, पुढच्या घरात उपयोगी पडेल.

शिवून घ्यायचा असेल तर हिशेब सोपा आहे. रॉडच्या लांबीच्या दुप्पट कापड घेतलं की चुण्या भरदार पडतात. समजा रॉड आठ फुटांचा, म्हणजे सोळा फूट रुंदीचं कापड. पडद्याच्या कापडाचा पन्हा बहुधा ४८ इंच, म्हणजे चार फूट असतो. म्हणून चार पन्हे. प्रत्येकाची तयार उंची साडेसात फूट, त्यात वरची दुमड आणि खालची पट्टी धरून एक फूट वाढवा. साडेआठ फूट म्हणजे सुमारे २.६ मीटर. चारने गुणलं की १०.४ मीटर, तेव्हा साडेदहा मीटर कापड सांगा. मोठी फुलं किंवा चौकडी असेल तर नक्षी जुळवण्यासाठी आणखी लागतं. दुप्पटीच्या जागी दीडपट घेऊन पैसे वाचवणारे पुष्कळ असतात. तसा पडदा बंद केल्यावर चादरीसारखा ताणलेला दिसतो. महागडं कापड कमी घेण्यापेक्षा मध्यम कापड पुरेसं घ्या.

कापड निवडताना

सुती कापड स्पर्शाला सुंदर, पण आटतं आणि साताऱ्याच्या श्रावणात दमट होऊन वास धरतं. घ्यायचं असेल तर शिवण्याआधी एकदा पाण्यातून काढा. पॉलिस्टर आटत नाही, लवकर वाळतं, बुरशी कमी धरतं, उन्हात जास्त टिकतं. लिननसारखा पोत असलेलं पॉलिस्टर आता चांगलं मिळतं आणि रोजच्या दाराला मी तेच देते. रेशमी कापड उन्हाच्या दाराला लावू नका, काही वर्षांत घडीवर फाटू लागतं. मखमल धूळ धरते. कराड, सांगलीच्या बाजूला उसाच्या फडांजवळ घर असेल तर गळीत हंगामात पाचट जाळल्याची काजळी आत येते, तिथे धुवायला सोपं आणि मध्यम रंगाचं कापडच घ्यावं.

उजेड अडवणारी कापडं दोन जातींची. एकाला मागून रबरासारखा थर दिलेला असतो. तो उन्हाने आणि धुण्याने हळूहळू सुटतो. दुसऱ्यात काळा धागा आतच विणलेला असतो, ते घरी धुता येतं. उन्हाच्या दाराला दुसरी जात घ्या. दुकानात मोबाइलची टॉर्च कापडामागे धरून पाहा, किती उजेड येतो ते लगेच कळतं. गडद रंग आवडत असेल तर मागे पांढरं अस्तर लावा. रंग उडायचा तो अस्तराचा उडेल आणि उन्हाचा थोडा भाग परतही जाईल. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १२-१३ अंशांवर उतरतो, तेव्हा काचेजवळची गार हवा थोपवायलाही हे अस्तर कामी येतं.

वाऱ्यासाठी खालच्या दुमडीत वजनाची साखळी घालून घ्या, शिलाईवाल्याला आधी सांगितलं तर खर्च किरकोळ आहे. शिवाय प्रत्येक बाजूला भिंतीत हूक आणि बांधायची पट्टी हवी. दिवाळीत गॅलरीच्या उंबऱ्यावर पणत्या लावतो तेव्हा पडदा बांधलेलाच पाहिजे. पॉलिस्टर पेटलं तर वितळून अंगाला चिकटतं, याकडे दुर्लक्ष करू नका.

पावसाआधी आणि बसवण्याच्या दिवशी

पडद्याचा काठ काळा पडतो त्याचं कारण बऱ्याचदा दाराच्या ट्रॅकमध्ये असतं. खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाला पाणी निघायची बारीक भोकं असतात. ती मातीने बुजली की पावसाचं पाणी ट्रॅकमध्ये साठतं, आत उतरतं आणि पडदा ते शोषतो. मे अखेरीस ट्रॅक ब्रशने साफ करा, मग मगभर पाणी ओतून ते बाहेर जातं का पाहा. जोराच्या पावसात पडदा काचेपासून दूर बांधून ठेवा.

शिवायला टाकण्याची वेळही बघा. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत आमच्याकडे आणि फिटिंगवाल्यांकडे मान वर करायला सवड नसते. गणपतीच्या आधी कापड आणून दिलंत तर काम निवांत आणि नीट होतं.

कारागिराचा पडदा बसवून झाला की त्याने शिडी मिटण्याआधी चार गोष्टी करून घ्या. पडदा एका हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढा. पडदा बंद असताना दार सरकवा, कापड हँडलमध्ये किंवा ट्रॅकमध्ये अडकतं का पाहा. दिवा लावून बाजूच्या फटी तपासा. आणि भरलेली बादली हातात घेऊन गॅलरीत जाऊन या. खांद्याला कापड लागलं तर ब्रॅकेट किंवा ट्रॅक तेव्हाच सरकवून घ्या, उरलेले पैसे त्यानंतर द्या.